देवाचे मूळ आणि देवाचे कूळ

(डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथाविषयी)

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी तर देवाचे मूळ शोधले आणि त्याचे कूळही विचारले. त्यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. १९८७ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०११ साली निघाला आणि पंढरीच्या देवाचा हा शोध मराठी न येणाऱ्या जगापर्यंत पोहोचला. विठ्ठलाविषयी विद्यापीठात आज कोणीही काही लिहायला बसला, तर या ग्रंथाला वळसा घालून त्याला पुढे जाता येत नाही.

फडावर आणि दिंडीत मात्र हा ग्रंथ बहुधा ऐकीव आहे. त्याच्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, परब्रह्म पांडुरंगाला ‘धनगरांचा देव’ ठरवून या ग्रंथाने देवाला खाली ओढले. दुसरे मत बरोबर उलटे. देव मुळात मेंढपाळांचा होता, तो पुढे पोथीवाल्यांनी पळवला, हे या ग्रंथाने सिद्ध केले, असे ते मत. पहिला रागावून बोलतो, दुसरा अभिमानाने. दोघांनी ग्रंथ पुरता वाचलेला असतोच असे नाही. वाचला असता तर पहिल्याचा राग उरला नसता आणि दुसऱ्याला ‘पळवला’ हा शब्द वापरता आला नसता, कारण ग्रंथाच्या नावातच समन्वय आहे.

म्हणून हा ग्रंथ आपण वारकऱ्यांनी नीट वाचावा, त्यातले घेण्यासारखे घ्यावे आणि जेथे अडते तेथे थांबून विचारावे, एवढ्यासाठी हे चिंतन. ते करताना तुकोबारायांच्या पालखीची बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली वाट नजरेसमोर ठेवली आहे. ग्रंथात ज्याची चर्चा चालते, त्यातले पुष्कळसे या वाटेवर दरवर्षी डोळ्यांना दिसते.

ग्रंथ काय सांगतो

ढेरे यांच्यापूर्वी हा शोध कोणी घेतलाच नव्हता असे नाही. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९१३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ‘विठ्ठल’ हे नाव ‘विष्णू’ या नावाच्या कानडी रूपातून आले असावे, असे मांडले. ग. ह. खरे यांनी ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ लिहून शिलालेख, मूर्ती आणि मंदिर यांची साधार छाननी केली. देलरी या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंचा विठ्ठलसंप्रदायावरचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० साली छापला. ढेरे यांचे वेगळेपण असे की, त्यांनी शिलालेख आणि स्थलपुराणे यांच्या पंगतीला धनगरांच्या ओव्या, गवळ्यांच्या कथा आणि रानातली ठाणी यांनाही मानाने बसवले. पोथीत लिहिलेले ते प्रमाण आणि धनगराने रात्रभर डफावर गायिलेले ते करमणूक, हा भेद त्यांनी मानला नाही.

त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. विष्णूच्या दशावतारांत विठ्ठल नाही आणि संध्येतल्या चोवीस नावांतही नाही. त्याच्या हातात उगारलेले शस्त्र नाही. दोन्ही हात कटीवर ठेवून तो नुसता उभा आहे. पंढरीचे प्राचीन नाव शिलालेखांत ‘पंडरगे’ असे कानडी वळणाचे येते, आणि संतांनीही देवाला प्रेमाने कानडा म्हटले आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात धनगर, कुरुब, गवळी या पशुपालक समाजांत विठ्ठल आणि बिरोबा ही दैवतांची जोडी पुजली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची भंडाऱ्याने पिवळी होणारी यात्रा प्रसिद्धच आहे. धनगरी कथांतली पदुबाई आणि तिरुपतीची पद्मावती यांच्यातले नाते ढेरे उलगडतात आणि व्यंकटेश व विठ्ठल या दोन्ही देवांचा प्रवास एकाच वाटेने झाला, असे दाखवतात. गुरे-मेंढरे राखणाऱ्यांचा हा देव पुढे गोपाळकृष्णाशी एकरूप झाला, वैष्णवांचा झाला, शैवांनाही आपला वाटला, आणि शेवटी संतांच्या हाती तो साऱ्यांची माउली झाला.

या प्रतिपादनाने वारकऱ्याला धक्का बसावा असे त्यात काय आहे? आषाढीची वारी कोठे संपते ते पाहा. एकादशीच्या दर्शनाने ती संपत नाही. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, तेव्हा ती पुरी होते. काला म्हणजे गुराख्यांचे जेवण. ज्याने त्याने घरून आणलेली शिदोरी एकत्र कालवायची आणि देवासकट सगळ्यांनी वाटून खायची. ज्या संप्रदायाने आपल्या सर्वांत मोठ्या उत्सवाची सांगता गुराख्यांच्या न्याहारीने केली, त्याला देवाच्या खांद्यावरच्या घोंगडीची लाज वाटण्याचे कारण नाही. ढेरे यांनी जे ग्रंथात मांडले, ते आपण काल्याच्या कीर्तनात पिढ्यान्‌पिढ्या गात आलो आहोत. फरक इतकाच की, आपण त्याला कृष्णलीला म्हणतो आणि ते त्याला इतिहास म्हणतात.

बारामती-इंदापूरची वाट

तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. माउलींच्या आणि तुकोबांच्या पालख्या पुण्यापुढे वेगळ्या होतात. माउलींची पालखी सासवड, जेजुरी, फलटण अशी जाते. तुकोबांची यवत, वरवंड करीत उंडवडी गवळ्याची या गावी बारामती तालुक्यात शिरते. गावाच्या नावातच गवळी आहे. बारामतीचा मुक्काम आटोपून पालखी काटेवाडीला येते. तेथे परीट समाजाचे भाविक पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि मग मेंढपाळ आपली मेंढरे पालखीभोवती पळवतात. मेंढरांना रोगराई होऊ नये, अशी त्यामागे त्यांची श्रद्धा असते. पुढे इंदापूर तालुक्यात सणसरचा मुक्काम, बेलवाडीचे गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरास्नान करून पालखी सोलापूर जिल्ह्यात पाऊल टाकते.

अश्वाचे रिंगण सगळ्यांना ठाऊक असते. त्याची छायाचित्रे छापून येतात. मेंढरांचे रिंगण त्यामानाने साधे असते. धूळ उडते, मेंढरे गोंधळतात, पालखीभोवती फेरे होतात आणि पालखी पुढे जाते. ढेरे यांच्या ग्रंथाच्या दृष्टीने पाहिले, तर या दोन्ही तालुक्यांत याहून बोलका प्रसंग नाही. येथे मेंढपाळ देवाला काही मागायला देवळात गेलेला नाही. देवच, संतांच्या पादुकांच्या रूपाने, त्याच्या कळपाच्या मध्यभागी येऊन उभा राहिला आहे.

या भागाची जमीनही ध्यानात घ्यावी. सह्याद्रीच्या पूर्वेचा हा पर्जन्यछायेचा पट्टा. पाऊस कमी, माळ उघडे. भाटघर धरणाच्या पाण्यावरचा नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि बारामतीच्या भागात उसाला पाणी मिळाले. त्याआधी हा मुख्यतः ज्वारीचा आणि मेंढरांचा मुलूख. आजही जिरायती गावांत धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे हलतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माघारी येतात. गुंथर सोंथायमर हे जर्मन पंडित पश्चिम महाराष्ट्रातल्या अशाच वाड्यांवर वर्षानुवर्षे हिंडले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत निघाला. माळ आणि मळा, फिरते आणि स्थिर, मेंढका आणि कुणबी यांच्यातल्या ओढाताणीतून आणि देवघेवीतून आपली दैवते घडत गेली, हे त्यांनी दाखवले. जेजुरीच्या खंडोबाला म्हाळसा आणि बाणाई अशा दोघी आहेत. एक वाण्याच्या घरातली, दुसरी धनगराची. ही दोन लग्ने म्हणजे दोन समाजांनी एका देवाशी जोडलेले नाते होय. ढेरे यांच्या ग्रंथाला सोंथायमर यांच्या या पायपिटीचा मोठा आधार आहे.

याच बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) राहिले आणि त्यांनी सबंध महाभारत आर्यावृत्तात उतरवले. एकीकडे कऱ्हाकाठची आर्या, दुसरीकडे माळावरची धनगरी ओवी. एक पोथीत बांधून ठेवली गेली आणि शाळेत शिकवली गेली. दुसरी गाणाऱ्याबरोबर चालत राहिली, आणि पुष्कळदा गाणाऱ्याबरोबरच गेली. ढेरे यांनी दोन्हींना साक्षीला बोलावले. हा त्यांचा मोठा गुण, आणि वारकऱ्याला तो परका वाटू नये. वेद आणि पुराणे जाणणारे ज्ञानोबाराय मराठी ओवीतच बोलले, ही आपल्या संप्रदायाची सुरुवात आहे.

जेथे अनुमान ताणले जाते

आता ग्रंथातल्या अडचणींकडे येऊ. आदर ठेवूनच, पण स्पष्टपणे.

पहिली अडचण साम्याची आहे. दोन दैवतांच्या कथा सारख्या असल्या, दोघांच्या पत्नींची नावे जुळली, दोघेही रानातून गावाकडे आले, म्हणजे दोघांचे मूळ एकच, असे म्हणता येते का? साम्याची तीन कारणे संभवतात. दोघांचे मूळ एक असेल. किंवा एकाची कथा दुसऱ्याने घेतली असेल. किंवा दोघांचे भक्त सारखेच जगत असल्यामुळे त्यांना सारख्याच कथा सुचल्या असतील. मेंढरे राखणारा कोठलाही समाज रुसलेली बायको, हरवलेला कळप, वारुळ आणि रान यांच्याच कथा सांगणार. ढेरे यांचा कल पहिल्या कारणाकडे असतो. त्यांची प्रतिभा दुवे जोडण्यात आहे, आणि ते इतक्या सहजतेने जोडले जातात की, कोणता दुवा शिलालेखाचा, कोणता लोककथेचा आणि कोणता केवळ नामसादृश्याचा, हे वाचकाला वेगळे ठेवावे लागते. शके ११९५ ते ११९९ या काळात देणग्यांची नोंद करणारा चौऱ्याऐंशीचा लेख हा दगडावरचा पुरावा आहे. त्यावरून एवढे निश्चित कळते की, ज्ञानेश्वरीच्या आधीच पंढरीचे देऊळ राजमान्य आणि लोकमान्य होते. पदुबाई आणि पद्मावती यांचे नाते हे अनुमान आहे. अनुमान सुंदर असेल, खरेही असेल, पण दोन्ही एकाच वजनाने तोलता येत नाहीत. काटेवाडीच्या रिंगणालाही हेच लागू आहे. आज मेंढरे पालखीभोवती फिरतात, एवढ्यावरून आठशे वर्षांपूर्वी देव कोणाचा होता हे सिद्ध होत नाही. आज तो कोणाचा आहे, हे मात्र त्यातून नक्की कळते.

दुसरी अडचण माढ्याच्या मूर्तीची. पंढरपूरची आजची मूर्ती आद्य नसून ती सोलापूर जिल्ह्यातल्या माढा येथे आहे, असे ढेरे यांनी मांडले. त्यांचा मुख्य आधार स्कंदपुराणाशी जोडलेल्या पांडुरंगमाहात्म्यातले वर्णन हा आहे. मूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरे असल्याचे तेथे म्हटले आहे आणि माढ्याच्या मूर्तीवर अक्षरे आहेत. या मतावर मोठा वाद झाला. संशोधनाच्या अंगाने विचारण्यासारखा प्रश्न असा की, माहात्म्यग्रंथ एका वेळी, एका हाताने लिहिलेले नसतात. त्यांत भर पडत जाते. मग माहात्म्य पाहून मूर्ती घडवली गेली, की मूर्ती पाहून माहात्म्य लिहिले गेले? याचा निवाडा झाल्याशिवाय ‘आद्य’ हा शब्द जड जातो.

आणि भक्तीच्या अंगाने पाहिले, तर या वादाने वारकऱ्याला घाबरून जाण्याचे कारण नाही. संकटकाळी पुजाऱ्यांनी मूर्ती लपवून, हलवून वाचवली, हे परंपराच सांगते. समजा एखाद्या वेळी मूर्ती बदललीही असेल. त्याने वारी बदलली का? नाम बदलले का? देवाची ओळख पाषाणाच्या वयावर ठेवणारा संप्रदाय हा नव्हे. त्याने ती संतांच्या शब्दावर ठेवली. पाषाणाचा अभ्यास करणाऱ्याने पाषाणाचे वय काढावे, ते त्याचे काम आहे. त्याचे उत्तर काहीही येवो, हरिपाठाच्या वेळेला आपण उभे राहणारच.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची.

समन्वय कोणी केला

ग्रंथाचा मोठा भाग देवाच्या पूर्वेतिहासाला वाहिलेला आहे. गवळी, धनगर, शैव, वैष्णव, जैन, बौद्ध असे अनेक प्रवाह विठ्ठलाच्या ठायी येऊन मिळाले, हे ग्रंथ दाखवतो. पण ‘समन्वय झाला’ असे म्हटले की, तो नद्यांच्या संगमासारखा आपोआप झाला असे वाटते. नद्या उताराने एकत्र येतात. माणसे तशी येत नाहीत. माणसांच्या एकत्र येण्याला कोणाला तरी किंमत द्यावी लागते.

ती किंमत कोणी दिली? नामदेवरायांनी शिंप्याच्या घरात जन्मून कीर्तनाचा रंग पंजाबापर्यंत नेला. जनाबाईंनी दळताकांडता देवाला आपल्या कामाला लावले. चोखोबांना तर देवळाच्या आत जाताच आले नाही. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे. त्यांच्या काळानंतर सहा शतके उलटली, तरी त्यांच्या जातभाइंना ते दार उघडले नव्हते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते उघडले. सर्वांचा समन्वय ज्याच्या ठायी झाला म्हणतो, त्या देवाच्या देवळाची ही हकिकत आहे. म्हणून महासमन्वय हे झालेल्या कामाचे नाव म्हणून घ्यायचे, की चालू असलेल्या कामाचे, हा प्रश्न हा ग्रंथ मिटताना मनात राहतो. ग्रंथाने तो पुरता विचारलेला नाही, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

या ठिकाणी इरावतीबाई कर्वे यांचे स्मरण होते. त्या समाजशास्त्राच्या पंडित. पण पालखीबरोबर स्वतः चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. तो त्यांच्या ‘परिपूर्ती’ या संग्रहात आहे. दिंडीतल्या लोकांच्या प्रेमाने त्या भारावून गेल्या, पण एक गोष्ट त्यांना सलत राहिली. एकत्र गाणारे, एकत्र चालणारे हे लोक जेवणाच्या वेळी जातीप्रमाणे वेगळे होत होते. जो संप्रदाय काल्याने वारी पुरी करतो, त्याच्याच वाटेवर पंगती वेगळ्या. इरावतीबाईंनी हे दोषदृष्टीने लिहिले नाही. चालता चालता, आपल्या माणसांविषयी दुखऱ्या मनाने लिहिले. ढेरे यांचा ग्रंथ देव कोठून आला ते सांगतो. इरावतीबाईंचा छोटा लेख देव अजून कोठे पोहोचायचा आहे ते सांगतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

आणि मग काटेवाडीकडे पुन्हा पाहावे. मेंढपाळाची मेंढरे पालखीभोवती फिरतात, त्याचा मान आपण राखतो. पण त्याची ओवी आपल्या कीर्तनात येते का? विठ्ठल आणि बिरोबा हे भाऊ, अशी त्याच्याकडे कथा आहे. ती किती फडांवर सांगितली जाते? देवाचे मोठेपण सांगताना आपण उपनिषदांची प्रमाणे देतो, ते योग्यच आहे. पण ज्यांच्या घोंगडीवर देव पहिल्यांदा बसला असे संशोधक म्हणतात, त्या घोंगडीवर आपण कधी बसतो का? जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हे काम गी पॉईटवें आणि हेमा राईरकर यांनी केले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांत पंढरी, विठ्ठल, रुक्मिणी जागोजाग भेटतात. पॉईटवें मूळचे फ्रान्सचे. आपल्या आयाबायांचे दळण ऐकायला त्यांनी आयुष्य दिले. हे वाचून अभिमान वाटतो, तसेच आपण काय करीत होतो हा प्रश्नही पडतो.

नाथांची कसोटी

‘संशोधकाला भाव नसतो, पोथी तपासणे हे भक्ताचे काम नव्हे,’ असे म्हणणाऱ्यांनी नाथ महाराजांचे चरित्र आठवावे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून, पाठ ताडून पाहून, अशुद्धे काढून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी आपल्या पदरची ओवी त्यात घालू नये अशी ताकीद दिली. आज विद्यापीठे ज्याला पाठचिकित्सा म्हणतात, ती याहून वेगळी काय आहे? पुण्याच्या भांडारकर संस्थेत डॉ. सुकथनकर आदी पंडितांनी महाभारताच्या असंख्य हस्तलिखितांवर केलेले काम याच जातीचे. तुकोबारायांच्या गाथेची देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते पाहून शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत जी प्रत निघाली, तीही याच जातीची. माउलींच्या शब्दावर प्रेम होते म्हणूनच नाथांना चुकीचा शब्द सहन झाला नाही. तेव्हा चिकित्सा आणि भाव यांचे वैर आपल्या घरचे नाही.

नाथांच्या या कामातून एक कसोटीही मिळते. ती तीन प्रश्नांची आहे. अभ्यासकाने सगळ्या प्रती, सगळे साक्षी पाहिले का? पुराव्यात आपल्या पदरचे काही घातले का? आणि त्याच्या कामानंतर मूळ वस्तू अधिक स्वच्छ दिसते का?

या कसोटीवर ढेरे यांचा ग्रंथ पाहावा. पहिल्या प्रश्नाला तो उत्तम उतरतो. इतक्या वेगवेगळ्या साक्षी एका ठिकाणी गोळा करणारा ग्रंथ विठ्ठलाविषयी दुसरा नाही. दुसऱ्या प्रश्नाला तो अंशतः अडखळतो. पुराव्याच्या फटी काही जागी लेखकाच्या कल्पकतेने बुजवल्या आहेत, आणि त्या ओळखण्याची जबाबदारी वाचकावर येते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र निःशंक आहे. हा ग्रंथ वाचल्यावर विठ्ठल लहान होत नाही. तो कानड्यांचा, मराठ्यांचा, गवळ्याचा, मेंढक्याचा, शैवाचा, वैष्णवाचा असा सर्वांगाने दिसू लागतो. ज्याला कूळच नाही तो देव मोठा, की ज्याने सगळी कुळे आपली केली तो मोठा?

इंदापूर तालुक्यातले पळसदेव सर्वांना ठाऊक आहे. उजनी धरण झाले आणि जुने गाव पाण्याखाली गेले. पळसनाथाचे प्राचीन देऊळही बुडाले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की ते वर दिसते, आणि लोक होड्यांतून ते पाहायला जातात. त्या देवळाला पाहून कोणी म्हणत नाही की, आता धरण फोडा आणि जुन्या गावात राहायला चला. आणि धरणाच्या पाण्यावर ऊस पिकवणारा कोणी असेही म्हणत नाही की, खाली देऊळ नव्हतेच. दोन्ही खरे आहे. देवाच्या मुळाचे तसेच समजावे. संशोधक पाणी उतरल्यावर देऊळ दाखवतो. त्याचे आभार मानावेत. पण आपली शेते, आपली घरे, आपला संसार आजच्या पाण्यावर चालला आहे, आणि ते पाणी ज्ञानोबा-तुकोबांनी आणले आहे.

ग्रंथ वाचून रागावणाऱ्याला आणि अभिमानाने फुगणाऱ्याला, दोघांनाही एकच सांगावेसे वाटते. देव मुळात कोणाचा होता, हा प्रश्न पंडितांकडे असू द्या. ते तो प्रामाणिकपणे सोडवत आहेत, आणि त्यांच्यात मतभेद होतील, व्हावेतच. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. ज्याचा तो मुळात होता असे म्हणतात, त्याला आज आपल्या पंगतीत जागा आहे का? बारामती, इंदापूरच्या माळावर वाडा घेऊन हिंडणाऱ्याच्या मुलाला आपल्या हरिपाठात बसायला घोंगडी पसरली जाते का? त्याची ओवी आपण कान देऊन ऐकतो का? याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. ते आपल्या फडावर, आपल्या दिंडीत, आपल्या स्वयंपाकाच्या चुलीपाशी द्यायचे आहे.

ढेरे यांनी ग्रंथाला महासमन्वय हे नाव दिले. ते नाव खरे करणे वारकऱ्यांच्या हातात आहे. गोपाळपुरातला काला दरवर्षी आपल्याला तेच सांगतो.

रामकृष्णहरी.